नीरेचा डावा कालवा आणि उसाचा मुलूख

मुंबई इलाख्याच्या महसुली इतिहासात इंदापूर तालुक्याचे नाव प्रथम ठळकपणे येते ते ओसाड पडलेल्या शेतांच्या संदर्भात. पेशवाई बुडाल्यानंतर, १८३० च्या सुमारास, प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यातील जमिनींची जी पाहणी केली, तीत निव्वळ उत्पन्नाचे गणित कागदावर नेटके बसले होते. परंतु त्या गणितावरून ठरलेला सारा रयतेला झेपेना, बाकी तुंबत गेली, वसुलीपायी जुलूम झाला आणि कित्येक कुटुंबे घरदार सोडून शेजारच्या संस्थानी मुलुखात निघून गेली. पडीक जमिनी पुन्हा लागवडीस याव्यात म्हणून १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी याच तालुक्यात नव्याने जमाबंदी केली, दर उतरवले, तीस वर्षांची मुदत घातली, आणि तीच पद्धत पुढे सबंध इलाख्यात रयतवारीचा पाया म्हणून रूढ झाली. ज्या भूमीवरील सारा माफक केल्यावाचून तेथे नांगर फिरेना, तीच भूमी शंभर-सव्वाशे वर्षांत महाराष्ट्रातील सधन शेतीचे उदाहरण म्हणून दाखविली जाऊ लागली. हे स्थित्यंतर कशाने घडले, कोणाच्या पदरात काय पडले आणि कोणाच्या पदरात काहीच पडले नाही, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उत्तरेस भीमा, दक्षिणेस नीरा आणि पूर्वेस नरसिंहपूरला या दोहोंचा संगम, अशा मर्यादांमध्ये हा मुलूख वसलेला आहे. दोन नद्यांच्या बेचक्यात असूनही तो अवर्षणाचा, कारण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येथे वर्षाकाठी जेमतेम वीस इंच पाऊस पडतो आणि तोही लहरी. बाजरी, शाळू आणि थोडीफार कडधान्ये यांवर संसार चाले. १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला भाव चढले तेव्हा शेतकऱ्याची पत फुगली, सावकाराने सैल हाताने कर्जे दिली. यादवी संपून भाव कोसळले, आणि नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून इंदापुरातून फेरजमाबंदी सुरू झाली व सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला आणि कर्जरोख्यांची होळी झाली. दख्खनच्या दंग्यांची ही सुरुवात. १८७९ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याने सावकाराच्या हाताला काहीसा आवर घातला, परंतु रयतेचे मूळ दुखणे पावसाशी निगडित होते आणि त्यावर दिवाणी कोर्टात इलाज नव्हता.

इलाज म्हणून आला तो कालवा. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात उपाशी माणसांना काम द्यावे म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याची माती उकरण्यास आरंभ झाला. १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले, आणि भोर संस्थानच्या हद्दीत वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण १८९२ मध्ये पुरे झाले. वीरच्या बंधाऱ्यापासून निघून नीरेच्या उत्तरेने बारामतीवरून इंदापूरकडे जाणारा हा पाट सुमारे शंभर मैलांचा. सरकारचा हेतू दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचविण्याचा होता. परंतु बरा पाऊस झाला की शेतकरी पाणी घेईना, आणि पाऊस हटला की सर्वांनाच एकदम पाणी हवे होई. काळ्या भारी जमिनीला पाटाचे पाणी मानवत नाही ही समजूतही होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती हे पुढे कळून आले. कालव्याचा खर्च भरून निघायचा तर बारमाही पाणी विकत घेणारे, आणि त्याचा दर सोसूनही नफा देणारे पीक हवे होते. तसे पीक एकच होते.

ऊस मात्र कोणालाही करता येण्याजोगा नव्हता. आषाढ-श्रावणात लावलेला आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा राहतो. तितका काळ बेणे, शेणखत, पेंड, मजुरी आणि पाणीपट्टी यांचा भार घरातून किंवा कर्जातून सोसावा लागतो, आणि हे भांडवल नुकत्याच दंग्यातून व दुष्काळातून निघालेल्या कोरडवाहू शेतकऱ्याजवळ नव्हते. या ठिकाणी सासवडच्या माळी समाजाने जे कर्तृत्व दाखविले त्याची नोंद व्हावी तितकी झालेली नाही. पुरंदरच्या विहिरींवर पिढ्यान्‌पिढ्या बागाईत केलेली ही कुटुंबे कालव्याच्या कडेने बारामती भागात उतरली, स्थानिक मराठा व इतर जमीनधारकांकडून खंडाने जमिनी घेतल्या, आणि खत किती, पाणी किती, सरी कशी, हे सारे ज्ञान बरोबर आणले. जमीन एकाची आणि हुन्नर दुसऱ्याचा अशी ही जोडी काही काळ दोघांनाही लाभदायक ठरली. जमीनधारक बांधावर उभा राहून शिकला. शिकल्यावर त्याने खंड वाढविला किंवा जमीन स्वतःकडे घेतली. आणि माळी पुढे गोदावरी व प्रवरेच्या कालव्यांकडे सरकले. १९३२ साली सासवड माळी शुगर फॅक्टरी स्थापून अकलूजजवळ माळीनगर वसविताना त्यांनी उत्पादकांच्याच भागभांडवलावर कारखाना उभा करून दाखविला, हे सहकारी कारखानदारीचा इतिहास सांगताना बहुधा विसरले जाते.

साखर येण्यापूर्वी सुमारे अर्धे शतक हा गुळाचा मुलूख होता. त्या काळच्या गुऱ्हाळात रात्र आणि दिवस असा भेद नसे. बैलांच्या फेऱ्यांनी चरक फिरे. लाकडी चरकाची जागा लोखंडी चरकाने घेतल्यावर त्याच उसातून अधिक रस निघू लागला, ही त्या काळातील खरी यंत्रक्रांती. रस गाळून काहिलीत पडे. चुलवाणात चिपाडे आणि पाचट घालणारा जाळवा एका बाजूस, तर दुसऱ्या बाजूस भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून वर आलेली मळी झाऱ्याने काढणारी माणसे. या सर्वांवर गुळव्याची हुकमत चाले. उकळीच्या फुगवट्यावरून, वासावरून आणि गार पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी बोटांत कशी वळते यावरून तो काहील उतरविण्याचा क्षण ठरवी. तो क्षण चुकला तर गूळ काळा पडे किंवा ढेप बसत नसे, आणि दीड वर्षाच्या मेहनतीचा भाव बाजारात निम्म्यावर येई. तयार ढेपा बारामतीच्या पेठेत अडत्यांकडे जात, आणि १९१४ साली दौंड-बारामती ही छोटी आगगाडी सुरू झाल्यावर हा व्यापार दूरवर पसरला. गुळाच्या या व्यवहारात पीक, प्रक्रिया आणि माल या तिन्हींवर शेतकऱ्याचा ताबा होता; भाव मात्र अडत्याच्या रुमालाखाली ठरे, आणि उचल दिलेली असल्यामुळे माल त्याच्याच दुकानी न्यावा लागे. रोख्याचा सावकार गेला आणि पेठेचा सावकार आला, असे म्हटल्यास ते फारसे चुकीचे होणार नाही.

या अवधीत पाण्याचे दोन प्रश्न पुढे आले, आणि पुढील शतकाचा इतिहास त्या दोन प्रश्नांभोवती फिरत राहिला. पहिला प्रश्न वाटपाचा. कालव्याच्या तोंडाशी असलेली गावे ऊस वाढवीत गेली तसतसे शेवटाकडील गावांना ज्वारीपुरतेही पाणी उरेना. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी जी ब्लॉक पद्धत सुचविली तिचा गाभा असा की, पाण्याचा परवाना एका पिकापुरता न देता ठरावीक क्षेत्राच्या गटाला काही वर्षांच्या मुदतीने द्यावा, त्या गटात उसाने साधारण एक तृतीयांशच जागा घ्यावी आणि उरलेल्यात फेरपालटाने इतर पिके यावीत. शेतकऱ्याला पाण्याची हमी मिळाली, सरकारला महसुलाची. आणि योजनाकाराच्या मनात होता तो तिसरा लाभ, म्हणजे पाणी अधिक गावांत पसरण्याचा. पहिले दोन लाभ टिकले. तिसरा कागदावर राहिला, कारण उसाला एक तृतीयांशाचे कुंपण घालण्याची हिंमत पुढील कोणत्याच राजवटीने मनापासून दाखविली नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या मुलुखाचा सारा सामाजिक इतिहास या एका कुंपणाच्या मोडण्यात आहे.

दुसरा प्रश्न मातीचा. अति पाण्याने भारी जमिनीखालची पातळी वर आली, क्षार पृष्ठभागावर फुटले आणि सोन्यासारखी रानेच्या राने चोपण झाली. हॅरल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर १९१० साली लिहिलेला अहवाल हा या विषयावरील जुना आणि महत्त्वाचा अभ्यास होय. पाटाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतच हे घडले होते, आणि तरीही निचऱ्याच्या चरांपेक्षा नव्या पाण्याची मागणी नेहमीच अधिक मोठ्या आवाजात झाली. क्षार सोसणारा को एम ०२६५ हा वाण पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून या शतकात आला तेव्हा तो या पट्ट्यात इतक्या वेगाने का पसरला, याचे उत्तर त्या जुन्या अहवालात सापडते.

भाटघरला १९२८ मध्ये लॉइड धरणाचे मोठे बांधकाम पुरे झाले, सुमारे २४ अब्ज घनफूट पाण्याची सोय झाली, आणि पाठोपाठ जागतिक मंदीने गुळाचे भाव पाडले. पाणी मुबलक, घेणारा दिवाळखोर. या कोंडीतून वाट काढली ती १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने: आयात साखरेवर जबर जकात बसताच भांडवलदारांचे लक्ष कालव्यांकडे वळले. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर शेतकऱ्यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर दीर्घ मुदतीच्या खंडाने घेऊन साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. शाळा, दवाखाना, चाळी, यंत्रशाळा, शिस्तीत आखलेले मळे. खेड्यांच्या मधोमध एक कारखानी शहर. तेथे गावगाड्याबाहेरच्या पुष्कळांना पहिल्यांदा रोख पगार, भोंग्याची वेळ आणि यंत्रावरचे काम मिळाले. त्याच वेळी खंडाने जमीन देणारा शेतकरी आपल्याच रानात परका झाला. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कारखान्यांचे मळे सरकारजमा झाले तेव्हा त्या जमिनी मूळ मालकाकडे गेल्या नाहीत; त्या शेती महामंडळाकडे गेल्या, आणि ‘खंडकरी’ शेतकऱ्यांचा लढा सुरू झाला. ज्या पिढीने करारावर अंगठा दिला तिच्या नातवांना, आणि तेही या शतकाच्या दुसऱ्या दशकात, काही जमीन परत मिळू लागली. इतका विलंब झालेल्या न्यायाला न्याय म्हणताना लेखणी अडखळते.

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला, आणि नीरेच्या खोऱ्यात त्याचे अनुकरण लवकरच झाले. माळेगाव, भवानीनगरचा श्री छत्रपती आणि सोमेश्वर हे तिन्ही कारखाने १९५५ नंतरच्या सात-आठ वर्षांतले. येथे पीक घेणारा प्रथमच प्रक्रियेचा भागधारक झाला. उसाचे वजन कारखान्याच्या काट्यावर, कर्ज विविध कार्यकारी सोसायटीचे, वसुली ऊसबिलातून. या साखळीमुळे जिल्हा बँकेला बुडीताची धास्ती उरली नाही आणि पाच एकरांच्या शेतकऱ्यालाही मोसमाच्या आरंभी पैसा मिळू लागला. एकेकाळी रोखे जाळणाऱ्या मुलुखातील रयतेच्या पणतवंडांची पत त्यांच्या रानातील उभ्या उसावर ठरू लागली. बिलातून होणाऱ्या कपातींची यादी वाचली तरी त्या समाजाची घडण लक्षात येते: सोसायटी, पाणीपट्टी, परतीची ठेव, बिनपरतीची ठेव, शिक्षण निधी, देवस्थान. शाळा, महाविद्यालये, रस्ते, दूधसंघ यांतील कितीतरी गोष्टी या कपातींतून उभ्या राहिल्या आहेत, आणि त्याचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

या घडामोडींचा अर्थ काय लावावा याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. माळेगाव परिसरातील एका गावाच्या जमीनधारणेचा अनेक दशकांचा मागोवा घेणारे डोनाल्ड ॲटवुड यांचे प्रतिपादन असे की, उसाने श्रीमंताला अधिक श्रीमंत आणि गरिबाला भूमिहीन केले हा सरसकट निष्कर्ष टिकत नाही. लहान शेतकरी वर चढल्याची आणि मोठे घराणे खाली आल्याची उदाहरणे त्यांना पुष्कळ आढळली, आणि लहान-मोठ्यांचे हितसंबंध एकाच गव्हाणीत येऊन मिळाल्यामुळे सहकार तगला असे त्यांचे मत. कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास करणाऱ्या बी. एस. बाविस्करांनी कारखाना हे राजकारणाचे केंद्र कसे बनते ते दाखविले. दोन्ही निरीक्षणे या मुलुखाला लागू पडतात. पण दोघांचीही दृष्टी मुख्यतः पाटाखालच्या माणसावर आहे. बारामती तालुक्याचा दक्षिणेचा पट्टा सोडून उत्तरेस सुपे, मोरगाव, उंडवडीकडे वळले की तोच तालुका जिरायती होतो, आणि तेथील शेतकऱ्याला वर चढण्याची शिडीच नव्हती, कारण शिडीची पहिली पायरी पाण्याची होती. दंगा जेथे झाला त्या सुप्यालाच पाट लाभला नाही, ही गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते.

कारखान्यातून सत्तेची वाट गेली. संचालक मंडळ, जिल्हा बँक, जिल्हा परिषद आणि विधानसभा या एकाच जिन्याच्या पायऱ्या झाल्या. काटेवाडीच्या पवार घराण्याचे उदाहरण सर्वपरिचित आहे: शारदाबाई १९३८ साली जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या, त्यांचे पती गोविंदराव सहकारी चळवळीत काम करीत, आणि १९६७ मध्ये त्यांचे पुत्र शरद पवार बारामतीतून विधानसभेत गेले. इंदापुरात शंकरराव पाटील यांच्या नेतृत्वाभोवती अशीच घडण झाली. या राजकारणाने बारामतीला शिक्षणसंस्था, औद्योगिक वसाहत आणि माळेगावची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था मिळवून दिली. परंतु ज्याच्या हाती तोडीची चिठ्ठी त्याच्या हाती मत, हेही त्याच व्यवस्थेचे अंग आहे. विरोधकाचा ऊस रानात वाळेपर्यंत तोड न मिळणे ही तक्रार या पट्ट्यात तरी कोणाला नवी नाही. २०११ च्या नोव्हेंबरात शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी ऊसदरासाठी उपोषणाला बारामतीच निवडली, ती याचमुळे.

आता या व्यवस्थेच्या तळाशी असलेल्या माणसांकडे वळले पाहिजे. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि नगरच्या पाथर्डीकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, अशीच त्यांची मोजणी. पहाटे अंधारातच फड सुरू होतो: पुरुष बुडख्यावर कोयता घालतो, बाई पाचट काढून मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते, कडेला पाचटाच्या ढिगावर लेकरू निजलेले असते. कारखान्याचा चिटबॉय येऊन चिठ्ठी देतो, गाडी कारखान्याच्या रांगेत लागते, आणि जनावरांसाठी उसाचे वाढे विकून आलेल्या चार पैशांवर मीठ-मिरची भागते. पोरांची शाळा बुडते. साखरशाळा निघाल्या, पण पुरेशा नाहीत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण किती भयावह आहे हे २०१९ मध्ये उघड झाले. एक दिवस खाडा पडला तर दंड कापला जातो, त्या दंडाची ही किंमत. ज्या कपातींतून महाविद्यालये उभी राहिली त्या यादीत या बाईच्या नावाची ओळ नव्हती. उसाच्या मुलुखाची समृद्धी मोजताना शेजारच्या कोरड्या जिल्ह्याचे दारिद्र्य त्याच खतावणीत मांडले पाहिजे, कारण ते दारिद्र्य नसते तर ही तोडणी या दराने झाली नसती.

पाण्याच्या बाबतीत गेल्या अर्धशतकात दोन निरनिराळ्या दिशा दिसतात. भीमेवर उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि इंदापूरच्या उत्तरेकडील गावे व पळसदेवचे जुने देऊळ पाण्याखाली गेले. विस्थापितांनी जे सोसले त्याचा हिशेब वेगळा, परंतु जलाशयाच्या काठाने विजेचे पंप बसले आणि जेथे पाट कधी पोचला नव्हता तेथे उपशावर ऊस उभा राहिला, पुढे नवे कारखानेही निघाले. दुसरी दिशा शेजारच्या पुरंदरात, नायगावला दिसली. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात द्यावे, भूमिहीनालाही त्यात वाटा असावा आणि ऊस लावू नये, असे तिचे नियम होते. ज्या तालुक्यातील माळ्यांनी बारामतीला ऊस शिकविला त्याच तालुक्यात उसाला नकार देणारी ही विचारसरणी जन्मली. तिचा आदर सर्वांनी केला, अनुकरण फारच थोड्यांनी. १९८० नंतर आठमाही पाण्याचे धोरण चर्चेत आले तेव्हाही उसाच्या पट्ट्याने त्याला साथ दिली नाही.

आजचा प्रश्न इंदापूरच्या भाषेत ‘टेल’चा आहे. नीरेच्या डाव्या कालव्याचा शेवट आणि खडकवासल्याच्या कालव्याचा शेवट, दोन्ही याच तालुक्यात येतात, आणि दोन्ही पाटांवर वरच्या अंगाने तहान वाढतच चालली आहे. एकीकडे ऊस, दुसरीकडे पुणे शहर. सात नंबरचा अर्ज भरूनही उन्हाळी पाळी येईल याची खात्री शेवटच्या चारीवरील शेतकऱ्याला नसते. २०१९ मध्ये नीरा-देवघर धरणाच्या पाण्यावरून डावा कालवा आणि उजवा कालवा, म्हणजे बारामती-इंदापूर एका बाजूस आणि फलटण-माळशिरस दुसऱ्या बाजूस, असा वाद मंत्रालयापर्यंत गेला. त्या वादात जिरायती गावांचा पक्ष मांडणारा कोणी नव्हता. ठिबक पसरत आहे, माळेगावच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या शिवारात संगणकाने पाण्याची वेळ ठरविण्याचे प्रयोग चालले आहेत, आणि ते स्वागतार्ह आहेत. मात्र वाचलेले पाणी त्याच बांधावरच्या नव्या उसाला जाणार असेल तर टेलच्या गावाला त्याचा उपयोग नाही. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याची तरतूद केली आहे. ती वीरच्या बंधाऱ्यापासून अखेरच्या चारीपर्यंत खरोखर अमलात आणावी, मोजलेले पाणी शेवटच्या गावाकडून आरंभ करून वर द्यावे, आणि बचतीचा ठरावीक हिस्सा उंडवडी-सुप्याच्या माळांसाठी राखून ठेवावा, एवढे तरी या मुलुखाच्या धुरीणांकडून मागण्याचा हक्क तेथील रयतेला आहे.